उपाशी कव्हर

“कव्हर शिवायला असं काय लागतं हो ताई? दोन उभ्या शिलाया, दोन आडव्या. संपलं!”

हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. बोलणारा कधी कंपनीतला साहेब असतो, कधी वाकडच्या सोसायटीतली मुलगी, तर कधी माझा स्वतःचा जावई. एवढं सोपं असेल तर शिव ना बाबा घरी! मशीनवर बसवलं तर बॉबिनमध्ये दोरा भरता येणार नाही, आणि मला कव्हर शिकवतोय.

मी सुमन. राहायला कासारवाडीत, स्टेशनच्या अलीकडे. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवण्यात माझं सगळं आयुष्य गेलं. आता निवृत्त आहे, घरी वह्या-डायऱ्यांना कापडी कव्हरं शिवून देते. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, “ताई, कामाच्या आठवणी लिहा, काहीतरी प्रेरणादायी.” म्हटलं, प्रेरणा घाला चुलीत. मला एक गोष्ट चारचौघांत सांगायची आहे, तेवढी छापणार असाल तर लिहिते. त्या हो म्हणाल्या.

आधी काम समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वहीला कापडी कव्हर घालायचं तर माप नेहमी बंद वहीचं घ्यायचं. शंभरातले नव्वद लोक वही टेबलावर पसरतात, टेप लावतात आणि माप फोनवर पाठवून मोकळे होतात. त्या मापानं शिवलं की वही उघडी असताना कव्हर झकास बसतं आणि मिटायला गेलं की पुठ्ठे बोंबलतात, कारण वही मिटली की पाठीचा भाग बाहेरून जास्त कापड मागतो. मग ताईंचं कव्हर आखडलं! ताईंचं नाही आखडलं, तुझी अक्कल आखडली. दुसरं, सुती कापड असेल तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कात्री लावायची. तिसरं, दोन्ही बाजूंनी कापड आत वळवून खिसे करायचे, पुठ्ठे त्यात सरकवायचे. इथवर कुणालाही जमतं.

आमच्या कंपनीत हे काम माझ्या गळ्यात पडलं ते तपासणीमुळे. बाहेरून पाहुणे यायचे, सगळं नीटनेटकं आहे का बघायचे. प्रत्येक लाइनवर एक रजिस्टर असतं. एक शिफ्ट सुटताना दुसऱ्या शिफ्टसाठी त्यात लिहून ठेवायचं: माल किती निघाला, कुठली मशीन कुरकुरतेय, काय बंद आहे. तेलकट हातांनी आठ दिवसांत त्याची पार रया जायची. एका पाहुण्यानं ते दोन बोटांत मेलेल्या उंदरासारखं उचललं आणि साहेबांची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी फर्मान आलं की सुमनताईंनी सीटच्या उरलेल्या कापडातून सगळ्या रजिस्टरांना कव्हरं शिवावीत. आपलं रोजचं काम सांभाळून, बरं का.

शिवली. निळी, जाड, वर लाइनचा नंबर पांढऱ्या दोऱ्यानं. आणि आमच्या पठ्ठ्यांनी काय केलं? कव्हर काढून त्याला हात पुसायला सुरुवात केली! म्हणे, “ताई, कापड लई भारी आहे, ऑइल लगेच ओढून घेतं.” मी कपाळावर हात मारला. त्यानंतर मी कव्हर पुठ्ठ्यावर चढवून खिशांची तोंडं हातानं शिवून टाकायला लागले, सीटच्या जाड दोऱ्यानं. आता पुसा हात! महिना संपला, रजिस्टर भरलं की मीच ते उसवायचं, कव्हर धुवायचं आणि नव्या रजिस्टरवर पुन्हा शिवायचं. या कामाला मी हाताखाली अलकाला घेतलं.

अलका माझ्याच लाइनवर होती. मोशीला राहायची. तिशीतली बाई, दोन मुली, नवरा असून नसल्यासारखा. आमच्याकडे ती ठेकेदारामार्फत होती, म्हणजे दर सहा महिन्यांनी देव पाण्यात ठेवायचे की नाव पुढे लागतंय का नाही. बोलायला कमी, पण हात असा की बघत राहावं. माझा हातटाका जोंधळ्यासारखा, तिचा तांदळासारखा. हे मी तिला तोंडावर कधी बोलले नाही. चार शिव्याच जास्त दिल्या असतील. “अलके, दोरा ओढतेस का बैल ओढतेस?” असं माझं बोलणं. ती हसायची.

तिला मी एक गोष्ट शिकवली, जी कंपनीत दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती. माझी आई गोधड्या शिवायची. गोधडी पुरी व्हायला आली की शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आई त्यात ज्वारीचे चार दाणे टाकायची. याला ती घास म्हणायची. “उपाशी गोधडी घराबाहेर धाडू नये, ती ऊब देत नाही.” आम्ही बौद्ध, नवससायास आमच्या घरात चालत नाहीत. नवरा मला चिडवायचा, “ही कुठली अंधश्रद्धा काढलीस?” मी म्हणायचे, श्रद्धा नाही आणि अंधश्रद्धा नाही, हाताची सवय आहे, तुम्ही चहात बिस्कीट बुडवता तशी. तर मी रजिस्टरच्या कव्हरालासुद्धा घास घालायचे, उजव्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात. आधी दाणे घातले. स्टोअरमधल्या उंदरांनी दोन रजिस्टरं कुरतडली तेव्हा दाणे बंद केले आणि लाल चिंधीची घडी घालायला लागले. बाहेरून काही दिसत नाही, अंगठा फिरवला तर बारीकसा उंचवटा लागतो.

आता मूळ गोष्ट.

प्रेस लाइनला दत्ता नावाचा मुलगा होता, लातूरकडचा, ठेकेदाराकडचाच. प्रेस म्हणजे लोखंडी पट्टी दाबून तिला आकार देणारी मशीन. तिच्या तोंडाशी सेन्सर असतो, हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबते. हा सेन्सर मधूनच उगाच थांबवायचा, उत्पादन कमी पडायचं, म्हणून लाइनच्या इन्चार्जनं तो बंद करून ठेवला होता. सगळ्यांना माहीत होतं. महिन्याच्या चार तारखेला दुसऱ्या शिफ्टमध्ये दत्ताच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

हॉस्पिटलात मी भेटायला गेले. हाताला हे एवढं बोचकं बांधलेलं. तो एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणत होता, “ताई, म्या शिफ्ट सुरू व्हायच्या आधी रजिस्टरमध्ये लिहिलं हुतं. सेन्सर बंद हाय म्हणून. सांगितलंय, असं बी लिहिलं हुतं.”

मी म्हटलं, मग झालं तर. लिहिलंय ना, कागद कुठे जातोय? काय माझा भाबडेपणा!

चौकशी लागली. सुरक्षा समितीवर कामगारांच्या वतीनं मी होते, कारण दुसरं कुणी साहेबांसमोर तोंड उघडत नव्हतं आणि माझं काही केल्या बंद होत नव्हतं. टेबलाच्या एका बाजूला प्लांटचे मोठे साहेब आणि एचआरच्या मॅडम, समोर इन्चार्ज. रजिस्टर आलं. चार तारखेचं पान उघडलं, तर तिथे स्वच्छ अक्षरात, ‘सेन्सर चालू. मशीन ठीक.’ दत्ताच्या अक्षराचा मागमूस नाही. रजिस्टर एक तारखेपासूनच सुरू झालेलं, त्यामुळे भरलेली पानं मोजून सात-आठ. इन्चार्ज मान हलवत म्हणाला, “मुलगा निष्काळजी आहे साहेब. मोबाइलवर असतो.” चोराच्या उलट्या बोंबा! निष्काळजीपणा ठरला की दत्ताचं काम जाणार होतं आणि वर ठपका. दोन बोटं कमी असलेल्या, ठपका लागलेल्या माणसाला या पट्ट्यात दारावरचा वॉचमनसुद्धा उभा करत नाही.

रजिस्टर फिरत माझ्याकडे आलं. आत काय लिहिलंय ते मी वाचलंच नाही, माझी नजर कव्हरावर गेली. एक तारखेला मी माझ्या हातानं ते शिवलं होतं. जोंधळ्याचे टाके. आणि आता तिथे तांदळाचे टाके होते.

मी म्हटलं, “साहेब, हे कव्हर उसवून पुन्हा घातलंय. हा टाका माझा नाही.”

खोलीत हशा पिकला. मोठे साहेब म्हणाले, “सुमनताई, माणसाची बोटं गेलीत आणि तुम्ही शिलाई काय बघताय?” इन्चार्ज तर तयारच होता, “एका बाजूनं उसवलं होतं ताई, अलकाकडून टाके मारून घेतले. त्यात काय एवढं?”

त्यात काय एवढं! सगळं लख्ख कळलं मला. स्टोअरमधून तसंच कोरं रजिस्टर आणलं, आठ पानं नव्यानं लिहिली, आणि जुन्याचं कव्हर नव्यावर चढवलं, कारण कव्हराशिवाय रजिस्टर टेबलावर आलं असतं तर आंधळ्यानंही विचारलं असतं. आणि हे सगळं माझ्या अलकानं शिवून दिलं. सिद्ध काय करणार, कपाळ? मॅडमनी रजिस्टर कपाटात कुलपाआड ठेवलं, पुढच्या गुरुवारी शेवटची बैठक असं ठरलं आणि सगळे चहाला उठले.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये अलका खिडकीशी बसली होती. तळेगाव चौकात बस नेहमीसारखी अडकलेली, चाक हलत नव्हतं. माझा पारा चढलेला. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि भरल्या बसमध्ये तोंड सोडलं. काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते, पण लिहिणार, कारण त्यासाठीच लिहायला बसले आहे. म्हटलं, “विकलीस ना गं स्वतःला? सहा महिन्यांच्या कामासाठी त्या पोराचा हात विकलास. मी शिकवलेल्या हातानं! तुझ्या पोरींना काय सांगशील, कशाचं खाताय ते?”

अलका काही बोलायला गेली की मी वरचढ आवाज काढत होते. शेवटी ती एवढंच म्हणाली, “ताई, मी कव्हर उपाशी नाही ठेवलं.”

मी म्हटलं, “घास घालतेस काय माझ्या डोक्यावर! नाटकं नकोत.”

ती रडली नाही. मोशीला उतरली, मागे वळून न बघता. तिच्या मागच्याच सीटवर प्रेस लाइनचा सुपरवायझर बसला होता, इन्चार्जचा उजवा हात. याहून जास्त तिला त्या बसमध्ये बोलताच आलं नसतं, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. रागाच्या भरात माणसाचे कान बंद होतात म्हणतात, माझी तर अक्कलच गहाण पडली होती.

रविवारी घरी एका डॉक्टरीणबाईंच्या वहीचं कव्हर शिवत होते. उघड्या वहीचं माप पाठवलेलं, अर्थात! बडबडत, चडफडत पुरं करत आणलं, शेवटच्या कोपऱ्यात घालायला चिंधीची घडी केली आणि हात तिथेच थांबला. उपाशी नाही ठेवलं. मी नवऱ्याला हाक मारली. “अहो, मी गाढव आहे.” ते पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, “काय झालं आज?”

गुरुवारपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. अलका तीन दिवस कामावर आलीच नाही. तिच्या घरी जावं असं चारदा मनात आलं आणि चारही वेळा गेले नाही. म्हटलं, आधी खात्री करू, मग जाऊ. खरं सांगायचं तर तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

गुरुवारी रजिस्टर टेबलावर आलं तसं मी उजव्या पुठ्ठ्याचा खालचा कोपरा अंगठ्यानं चाचपला. चिंधीचा उंचवटा हरभऱ्याएवढा असतो. हा सुपारीएवढा होता आणि कडक.

मी हात मागे घेतला. म्हटलं, “मॅडम, हा कोपरा तुम्ही तुमच्या हातानं उसवा. मी उसवला तर उद्या म्हणाल, सुमननंच घातलं.” मोठे साहेब वैतागले, “पुन्हा शिलाई?” मी म्हटलं, “साहेब, पंचवीस वर्षं तुमच्या सीटा शिवल्यात, पाच मिनिटं माझ्या शिलाईला द्या.” मॅडमच्या हातात मी माझी धागा कापायची कात्री दिली. अरे देवा, काय सांगू! नखं ही एवढी लांब, दोरा म्हणून धरता येईना. एक टाका कापायला एवढा वेळ, आणि अलकाचे टाके ते, एकाला एक चिकटून बसलेले. इन्चार्जनं दोनदा घड्याळ पाहिलं. एकदा तर म्हणाला, “द्या, मी करतो,” आणि हात पुढे केला. मॅडमनी रजिस्टर आपल्याकडे ओढून घेतलं. तेवढं एक काम त्या बाईनं शहाण्यासारखं केलं.

कोपऱ्यातून कागदाची घडी निघाली. मॅडमनी ती उलगडली. चार तारीख, दुसरी शिफ्ट. दत्ताचं ते वाकडंतिकडं अक्षर: ‘सेन्सर बंद आहे. साहेबांना सांगितले. तसेच चालवा म्हणाले. दत्ता.’

इन्चार्ज पाणी प्यायला.

पुढे काय झालं ते ऐकून तुमचाही संताप होईल. इन्चार्जची दुसऱ्या प्लांटला बदली झाली, तिथे म्हणे त्याला आता मोठी केबिन आहे. दत्तावरचा ठपका पुसला, तो स्टोअरला बसला, कायम झाला, डाव्या हातानं लिहायला शिकला. दिवाळीला अजून फोन करतो. आणि अलका? महिनाअखेर ठेकेदाराच्या यादीत तिचं नाव नव्हतं. कारण विचारलं तर, ‘काम समाधानकारक नाही.’ तांदळासारखा टाका असलेल्या बाईचं काम समाधानकारक नाही! मी एचआरला गेले, मोठ्या साहेबांकडे गेले, दोन अर्ज लिहिले. उत्तर एकच, “ताई, तो ठेकेदाराचा विषय आहे.” डोंबलाचा विषय. मी हात टेकले. टेकायला नको होते, पण माझीही दीड वर्षं राहिली होती आणि मी गप्प बसले, हेही लिहून ठेवते.

अलकानं आता काळेवाडीत छोटं दुकान टाकलंय, ब्लाउज, पिको-फॉल आणि वह्यांची कव्हरं. मी पहिल्यांदा गेले ती एक वही घेऊन, कारण रिकाम्या हातानं जायला सबब नव्हती. तिनं स्टूल पुढे केलं, चहा मागवला. मी विचारलं, “कसं काढलंस गं ते पान?” ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, “इन्चार्ज दारात फोनवर बोलत होता. दोन्ही रजिस्टरं माझ्यापुढे होती. जुनं त्याला परत द्यायच्या आधी फाडून घेतलं. म्हटलं, कोपऱ्याला हात लावणारी बाई सगळ्या कंपनीत एकच आहे, तिला कळेल.”

मला रडू फुटलं. म्हटलं, “अलके, चुकले मी. माफ कर.”

ती म्हणाली, “जाऊ द्या ना ताई.” मग दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, “बोललात भरल्या बसमध्ये. माफी दुकानात मागताय.”

चहा संपवला आणि आले. आठ दिवसांनी कव्हर घेतलं. देखणं, कुठे सुरकुती नाही. बसस्टॉपवर उभ्या उभ्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. सपाट. तिनं मला उपाशी कव्हर दिलं होतं.

तेव्हापासून चार वह्या नेल्या तिच्याकडे. नवरा म्हणतो, घरात लिहिणारं कुणी नाही आणि वह्यांचं दुकान झालंय. चारही कव्हरं सुरेख आणि चारही कोपरे सपाट. तिचं बरोबर आहे. जिनं जीव धोक्यात घालून घास भरला, तिला मी पन्नास माणसांसमोर पोरींच्या खाण्यावरून बोलले.

म्हणून म्हटलं, बसपेक्षा मोठी जागा शोधावी. अलका, मी चुकले. तू कुणाचा हात विकला नाहीस, तू तो वाचवलास, आणि तुझ्या पोरींनी हे शाळेत मान वर करून सांगावं असं आहे.

हा अंक हातात आला की मी तो तिच्याकडेच नेणार आहे, कव्हर घालायला. आता माप बंद अंकाचं घ्यायचं, उघडायचं नाही, हे मीच तिला शिकवलंय, त्यामुळे ती आत काय आहे ते बघेलच असं नाही. मीही सांगणार नाही. आठ दिवसांनी कव्हर घ्यायला जाईन, आणि तिनं वाचलं की नाही ते मला बसस्टॉपवर कळेल.